पांढऱ्या जेवणाचे अठ्ठेचाळीस तास

दात पांढरे करून देणाऱ्या बाईकडे लोक येतात, तेव्हा आधी तिचे दात पाहतात. माझे पिवळे आहेत. दिवसाला सहा कप चहा, दूध बेताचं आणि पत्ती सढळ, ही सवय मला डेंटल कॉलेजात लागली ती आजतागायत सुटली नाही. पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या विचारतो, "मॅडम, तुमी काहून नाई करून घेतले?" मी सांगते, बाबा रे, हलवाई आपली मिठाई खात नाही. तू आ कर.

अमरावतीत माझा दवाखाना आहे, सव्वीस वर्षं झाली. माहेर अकोल्याचं. सुरुवातीची पंधरा वर्षं माझ्याकडे हसतमुखानं कुणी आलंच नाही. गाल धरून यायचे, काढून टाका म्हणायचे, आणि कापसाचा बोळा चावत निघून जायचे. दुखला तर काढायचा आणि नाही दुखला तर त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही, असा आमच्या वऱ्हाडाचा दाताबाबतचा कायदा होता. मग मोबाइलला पुढून कॅमेरा आला. लोकांना स्वतःचे दात दिसायला लागले आणि माझ्याकडे न दुखणाऱ्या दातांचे पेशंट सुरू झाले.

हे काम काय आहे ते आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला कुणी गंडवणार नाही. दाताचा पिवळेपणा दोन तऱ्हेचा. एक वरचा. चहाचा, तंबाखूचा, आणि आमच्याकडे विशेष करून खर्र्याचा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला माल. ज्यानं तो चार वर्षं खाल्ला त्याचे दात उंबरठ्यासारखे दिसतात. हा थर मशीननं निघतो. त्याला दात पांढरे करणं म्हणत नाहीत, त्याला दातांची आंघोळ म्हणतात. दुसरा पिवळेपणा दाताच्या अंगचा. त्याच्यासाठी हिरड्यांवर आधी लेप लावून त्या झाकायच्या, ओठ आणि गाल फाकवायला तोंडात प्लास्टिकची चौकट घालायची, मग दातांवर जेल, आणि वरून निळा दिवा. दिव्याचं खरं सांगू? काम जेल करते. दिवा बराचसा पेशंटच्या समाधानासाठी असतो. दिवा नाही लावला तर लोकांना वाटतं, बाईनं काही केलंच नाही.

घरी करायचा प्रकारही आहे. तुमच्या दातांचं माप घेऊन मी पातळ साचा करून देते, त्यात थेंब थेंब जेल घालून रोज दोन तास लावून बसायचं, दोन आठवडे. साचा ज्याच्या मापाचा त्यानंच वापरायचा, हे मी गृहीत धरलं होतं. एका शेतकरी घरातल्या थोरल्या भावाला साचा दिला. आठ दिवसांनी तो आला, हिरड्या धरून. मागे त्याचे दोन भाऊ, तेही हिरड्या धरून. त्यांच्या मागे वहिनी, पदर तोंडाला. चौघं पाळीपाळीनं तोच साचा लावत होते. मी असं तोंड सोडलं की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून गेले. थोरला शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी अजून वाटणी नाई झाली." 

नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यातले एक रंगमास्तर आले होते. आमच्याकडे सोळा नकली दातांची एक पट्टी असते. ती पेशंटच्या दाताशेजारी धरून त्याचा रंग ठरवतात आणि नंतर किती फरक पडला ते मोजतात. मास्तरांनी पट्टी माझ्या हातून घेतली, खिडकीशी नेली, चष्मा वर केला, आणि विचारलं, "याच्यात पांढरा कोणता हाये?" मी सगळ्यात उजळ दात दाखवला. ते माझ्याकडे दयेनं पाहायला लागले. म्हणाले, असा कापडाचा ताका आमच्याकडे आला तर आम्ही परत पाठवतो. अर्धा तास त्यांनी मला पांढऱ्याचे प्रकार शिकवले आणि दात न दाखवताच गेले. माझ्या असिस्टंट शोभाताईंनी तेवढ्यात त्यांना स्वतःच्या नातीच्या गणवेशाचा पिवळेपणा कसा घालवायचा ते विचारून घेतलं.

आता मुख्य गोष्ट. जेल लावल्यावर पहिले अठ्ठेचाळीस तास दात कोरे असतात. जे खाल त्याचा रंग धरतात. म्हणून त्या काळात पांढरं जेवण. ओळखायची खूण सोपी आहे: जो पदार्थ पांढऱ्या सदऱ्यावर सांडला तर डाग पडेल, तो तोंडात घालायचा नाही. हळद बंद, चहा बंद, तिखट तर्री बंद. वऱ्हाडी माणसाला हे सांगणं म्हणजे दोन दिवस वारला आहेस असं समज, असं सांगणं. मी एक छापील कागद देते. लोक तो घडी घालून खिशात ठेवतात आणि जिना उतरून समोरच्या टपरीवर चहा पितात. मला वरच्या खिडकीतून दिसतं. ओरडून ओरडून माझा घसा बसला आहे.

इतक्या वर्षांत तो कागद एकाच माणसानं शब्दशः पाळला, आणि त्याचं लग्न मोडता मोडता राहिलं.

प्रफुल्ल त्याचं नाव. मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा, वय तेहतीस, शिक्षण कृषीतली पदवी, स्वभाव गरीब. मंगळवारी सकाळी आला आणि दात दाखवायच्या आधी त्यानं मोबाइल दाखवला. त्यात त्याचाच फोटो. अंगात निळा कोट, मागे बंगला, आणि तोंडात असे दात की माझ्या पट्टीवरसुद्धा नाहीत.

"मॅडम, मले या फोटोसारखे दात पायजेत. रविवारपर्यंत."

फोटो बायोडाटासाठी काढलेला. फोटोवाल्यानं न विचारताच कॉम्प्युटरवर दात पांढरेफेक करून टाकले होते, आणि मामांनी तो तसाच अकोल्याच्या एका स्थळाला पाठवून दिला. याआधी अकरा ठिकाणी नकार. कारण दरवेळी एकच, मुलगा वावरात राहतो, नोकरी नाही. आज वावर असलेल्या मुलाला मुलगी मिळणं किती अवघड आहे हे इकडच्या माणसाला मी सांगायला नको. या बाराव्या ठिकाणाहून मात्र होकार आला होता, रविवारी अकरा वाजता पाहायला या. मुलगी मयूरी, शाळेत गणित शिकवते. प्रफुल्लनं तिचा फोटो मला दाखवला, न मागता. मग परत एकदा दाखवला. मी म्हटलं, पाहिली रे, आता आ कर.

दात पाहिले. चहा आणि खर्रा. खर्रा त्यानं सहा महिन्यांपूर्वी सोडला होता, पण दातांना ते कुणी कळवलं नव्हतं. मी विचारलं, "अरे, मुलीला सरळ सांगून टाक ना, फोटो सुधारलेला आहे म्हणून." तो खाली पाहत म्हणाला, "अकरा जागी खरं सांगतलं मॅडम." त्या एका वाक्यानं मी विरघळले. त्याच वेळी मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. ते म्हटलं नाही, ही माझी पहिली चूक.

बुधवारी त्याच्या दातांची आंघोळ केली. शुक्रवारी संध्याकाळी जेल लावली. सहा वाजता तो खुर्चीतून उठला तेव्हा आरशात पाहून त्याचे डोळे भरून आले. फोटोइतके नव्हते, पण जवळपास होते. मी कागद हातात दिला, आणि नेहमीप्रमाणे दरडावून सांगितलं, अठ्ठेचाळीस तास म्हणजे अठ्ठेचाळीस तास. ही दुसरी चूक. अहो, मी स्वतः अकोल्याची. मला स्वतःला चार जणांनी पाहून झालेलं. रविवारी अकराला मुलीच्या घरी ट्रेमधून काय येतं हे मला ठाऊक नाही? पण तेव्हा डोक्यात फक्त दात होते.

शेतकरी माणूस फवारणीच्या डब्यावरचं वाचून औषध मोजतो, तसा प्रफुल्लनं तो कागद वाचला. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत भिंतीला डकवला, हे नंतर कळलं. शनिवारी मला चार फोन. हळद न घातलेलं वरण चालंन काय? फुलकोबी? मुळा? संत्रं खाऊ काय? मी म्हटलं, आंबट आहे, नको. तो म्हणाला, मॅडम, मी संत्र्यातच बसून हाव. दोन दिवस त्या बिचाऱ्यानं दहीभात, ज्वारीची भाकर आणि मुळा यांवर काढले.

रविवारी मी योगायोगानं अकोल्यातच होते, भावाकडे. साडेअकराच्या सुमारास फोन वाजला. प्रफुल्ल कुजबुजत होता.

"मॅडम, साडेएक्केचाळीस तास झाले. चहा घेऊ काय?"

तोवर त्या घरात काय काय होऊन गेलं होतं, ते मला मागून समजलं. चहा आणि पोहे आले. पोहे चांगले पिवळेधमक, वर लिंबू. प्रफुल्लनं हात जोडून नको म्हटलं. आमच्याकडे नकार द्यायची रीत असते. पोहे खायचे, चहा प्यायचा, छान झाले म्हणायचं, घरी जायचं, आणि चार दिवसांनी पत्रिका जुळत नाही असं कळवायचं. पण तिथल्या तिथे बशीला हातच लावला नाही, तर तो नकार नसतो, ती बेइज्जती असते. मुलीचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा चेहरा उतरला. बाजू सावरायला प्रफुल्लचे मामा पुढे झाले. या मामांनाही जेलचं नि कागदाचं काही माहीत नव्हतं. म्हणाले, पोराचा उपवास आहे.

मुलीची आजी कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "उपवासाले चहा चालते." मामा म्हणाले, याचा कडक असतो, चतुर्थी आहे ना. आजी म्हणाली, "चतुर्थी मंगळवारी झाली."  त्यांनी फोकनाड्या मारायच्या आधी कॅलेंडरकडे तरी पाहायचं होतं, ते समोरच टांगलेलं होतं.

अशा वेळी प्रफुल्ल फोन घेऊन अंगणात आला. मी म्हटलं, अरे घे बाबा, घे, पी, दोन कप पी. पण तो परत विचारत होता, नक्की ना, तुमी म्हणसान तरच घेतो. हे त्याच्या मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनी ऐकलं. पाहायला आलेला मुलगा अंगणात जाऊन कुठल्याशा मॅडमची परवानगी मागतो आहे! त्यांनी विचारलं, कोण मॅडम? प्रफुल्लला खोटं बोलता येत नाही. दाताच्या डॉक्टर, म्हणाला. त्यांनी सरळ त्याच्या हातून फोन घेतला.

"मॅडम, या मुलाले काय आजार हाये?"

आता पाहा, माझ्या कामाचा एक नियम आहे. पेशंटची गोष्ट पेशंटला विचारल्याशिवाय कुणाला सांगायची नाही. मी तोच पाळला. म्हटलं, "माफ करा, पेशंटबद्दल मी काही सांगू शकत नाही." मला फार शहाण्यासारखं बोलल्यासारखं वाटलं.  वऱ्हाडात, खर्र्याच्या मुलखात, दाताची डॉक्टर मी काही सांगू शकत नाही असं म्हणते, याचा अर्थ काय होतो? तोंडाचा कॅन्सर. त्यांनी फोन हळूच बंद केला. तिरडीवर फूल ठेवावं तसा.

मी जागच्या जागी कपाळावर हात मारला. ही तिसरी. म्हटलं, मेल्या, बाराव्या जागी तुझं लग्न मोडलं आणि ते मी मोडलं. परत लावला तर फोन कुणी उचलेना. मुलीचे वडील मुख्याध्यापक आणि घर जठारपेठेत, एवढं प्रफुल्लकडून ऐकलं होतं, आणि मुख्याध्यापक म्हटल्यावर भावानं लगेच घर ओळखलं, कारण त्यांचा मार त्यानं सातवीत खाल्ला होता. तो गल्लीच्या तोंडाशीच स्कूटर उभी करून म्हणाला, तू जा, मी इथंच थांबतो. पन्नाशीचा माणूस!

घरात शिरले तर सगळे मयताच्या घरी बसावे तसे बसलेले. पोहे तसेच, चहावर साय धरलेली. आजी प्रफुल्लकडे फार मायेनं पाहत होती. मामा डोळे पुसत होते, कारण त्यांनाही आत्ताच कळलं होतं की भाच्याला काहीतरी झालं आहे. दाराशी मयूरी उभी, फोटोपेक्षा उंच आणि फोटोपेक्षा रागीट. मी ओळख दिली आणि म्हटलं, याला कसलाही आजार नाही.

"मंग काय हाये?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

मी प्रफुल्लकडे पाहिलं. तो घामाघूम झाला होता. सांगितलं तर फोटोचं खोटं उघड, आणि नाही सांगितलं तर आजार पक्का. दोन्हीकडून लग्न जाणार.  मग म्हणाला, "सांगा मॅडम. सगळं सांगा."

मी सांगितलं. दात, फोटो, जेल, अठ्ठेचाळीस तास, हळद, चहा. माझ्या चुकांसकट सांगितलं. मामांनी तेवढ्यात एकदा "बैताड", म्हणजे येडं, असं म्हटलं, ते भाच्याला की मला ते मी विचारलं नाही. मुख्याध्यापक ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, म्हणजे फोटो खोटा. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण शाळेत कॉपी सापडल्यावर असतो तसा निकाल होता. प्रफुल्ल उठून उभा राहिला, जायला म्हणून.

तेव्हा मयूरी पहिल्यांदा बोलली. मला म्हणाली, पहिलेचा फोटो असतो ना तुमच्याकडे, दाखवा.

असतो. आम्ही काम करायच्या आधी आणि नंतर फोटो काढतोच. पण तो कसा असतो ठाऊक आहे? तोंडात चौकट, ओठ कानापर्यंत फाकलेले, डोळे बटबटीत, हनुवटीवर लाळ. माणसाचा याहून वाईट फोटो काढता येत नाही. मी परत प्रफुल्लकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. मी फोन तिच्या हातात दिला आणि मनात देवाचं नाव घेतलं.

तिनं पाहिलं. मोठा करून पाहिलं. आणि अशी हसली, अशी हसली, की तिला दाराची चौकट धरावी लागली. आजीनं फोटो मागितला, ती पण हसली, तिच्या तोंडात एकही दात नव्हता. हसू ओसरल्यावर मयूरीनं डोळे पुसले आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "बायोडाटाच्या फोटोत दात खोटे. अजून काय काय खोटं हाये?"

प्रफुल्लनं विचार केला. खरोखरच मोजून पाहिलं त्यानं.

"कोट फोटोवाल्याचा हाये. घड्याळ मामाचं. मांगचा बंगला कोनाचा हाये ते मले नाई माहीत. बाकी मी हाव." मग म्हणाला, "अन् तुमी मले फोटोतच पसंत पडल्या होत्या. म्हणून तं दोन दिवस मुळा खाऊन राहिलो."

मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तर सरळ रडले, मला लाज नाही त्याची.

मयूरी आईकडे वळून पाहत म्हणाली, "पोहे मी नाई केले. मले येतच नाई." आईनं पोहे आणतानाच मामांना सांगितलं होतं की सगळं मयूरीच्याच हातचं आहे. ती माउली पदर सारखा करत स्वयंपाकघरात निघून गेली.

मुख्याध्यापक मात्र अजून परीक्षकाच्या खुर्चीतून उठले नव्हते. त्यांनी मला विचारलं, "हे पांढरेपण किती दिवस टिकते?" मी म्हटलं, चहा बेतानं घेतला आणि खर्रा परत धरला नाही तर वर्ष, दीड वर्ष.

"अन् त्याच्या मंग?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मयूरीच बोलली.

"त्याच्या मंग यायचे खरे दात दिसतीन, बाबा. तेच तं मले जल्मभर पाहाचे हायेत."

 घड्याळात साडेबारा वाजले होते, म्हणजे साडेपाच तास अजून बाकी होते. प्रफुल्लनं माझ्याकडे पाहिलं नाही की मला विचारलं नाही. सायीसकट तो गारढोण चहा त्यानं एका दमात पिऊन टाकला आणि पोह्याची बशी पुढे ओढली.